जपानी गोल्फपटूंच्या बॅगेतले विज्ञान

हिदेकी मात्सुयामाने ११ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेतील ऑगस्टा येथे मास्टर्स स्पर्धा जिंकली. पुरुषांच्या चार प्रमुख गोल्फ स्पर्धांपैकी एखादी जिंकणारा तो पहिला जपानी खेळाडू. त्या आठवड्यात त्याच्या बॅगेतले ड्रायव्हर आणि आयर्न होते कोबेच्या सुमितोमो रबर कंपनीच्या ‘स्रिक्सन’ नाममुद्रेचे. याच कंपनीशी त्याचा करार आहे. हिरवळीवर चेंडू हळुवार ढकलायचा पटर मात्र होता अमेरिकेतील ‘स्कॉटी कॅमेरॉन’चा, म्हणजे प्रतिस्पर्धी कंपनीचा.

पैसे देणाऱ्या कंपनीचा पटर हाताशी असताना दुसऱ्याचा का वापरायचा? जपानमधील व्यावसायिक खेळाडूंच्या बॅगा पाहिल्या तर असे प्रश्न वारंवार पडतात. कुणाच्या बॅगेत दिसायला सुंदर पण वापरायला अवघड असे पातळ पात्याचे आयर्न असतात, तर कुणाच्या बॅगेत लांबचे आयर्न मुळी नसतातच. एकाचा शाफ्ट दुसऱ्याच्या शाफ्टपेक्षा तीस-पस्तीस ग्रॅमने जड असतो. ही निवड लहरीने होत नाही. तिच्यामागे धातूचे, हवेचे, गवताचे आणि मुख्य म्हणजे शरीराचे विज्ञान असते.

अंतराला नियमाचे कुंपण

गोल्फच्या काठीला क्लब म्हणतात आणि नियमानुसार एका फेरीत जास्तीत जास्त १४ क्लब बाळगता येतात. सर्वांत दूर मारणारा तो ड्रायव्हर. ड्रायव्हरचे डोके पूर्वी लाकडी असे. पुढे पोलाद आले आणि १९९० च्या दशकात टायटॅनियम. पोलादाची घनता पाण्याच्या सुमारे ७.८ पट, तर टायटॅनियमची साडेचार पट. त्यामुळे वजन न वाढवता डोके मोठे करता आले आणि त्याचा दर्शनी पत्रा पातळ ठेवता आला. पातळ पत्रा आघाताच्या क्षणी किंचित आत दबतो व उसळून चेंडूला ढकलतो.

ही उसळी अमर्याद वाढू नये म्हणून नियामक संस्थांनी तिला मर्यादा घातली. उसळीचा गुणांक ०.८३ च्या आसपास रोखला गेला, डोक्याचे आकारमान ४६० घन सेंटिमीटरवर थांबवले गेले. १ जानेवारी २००८ पासून जपानमध्येही हे बंधन लागू झाले. आज कोणत्याही नामांकित कंपनीचा ड्रायव्हर या मर्यादेला जवळपास टेकलेला असतो. म्हणून ‘सर्वांत लांब मारणारा क्लब कोणता’ हा प्रश्न व्यावसायिकांसाठी फारसा उरलेला नाही. त्यांचा प्रश्न वेगळा असतो: शंभर वेळा मारल्यावर शंभर वेळा चेंडू अपेक्षित जागेच्या आसपास पडेल असा क्लब कोणता?

पटरच्या बाबतीत तर अंतर वाढवण्याचा मुद्दाच नसतो. तिथे हाताला झालेली वर्षानुवर्षांची सवय सर्वांत मोलाची. १९८० च्या अमेरिकन ओपनमध्ये जॅक निकलसच्या पाठोपाठ दुसरा आलेला इसाओ आओकी हात खाली ठेवून, पटरचे पुढचे टोक हवेत उचललेले ठेवून खेळत असे. हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात बसणारे नव्हते. पण त्याच्या हाताला ते बसले होते, आणि तेवढे पुरेसे होते.

मऊ लोखंडाची मोहिनी

मधल्या अंतरासाठी लागणारे आयर्न ही जपानची खासियत. ह्योगो प्रांतातील हिमेजीजवळचे इचिकावा हे गाव देशी आयर्नचे जन्मस्थान मानले जाते. तिथे १९३० च्या सुमारास आयर्नची डोकी घडू लागली. आजही ‘मिउरा’सारखी नावे याच गावाशी जोडलेली आहेत. निइगाता प्रांतातील त्सुबामे हे चमचे-सुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले गावही गोल्फच्या डोक्यांसाठी ओळखले जाते. लोहारकाम आणि घासकामाची परंपरा अशी नव्या वस्तूकडे वळली.

या आयर्नसाठी साधारण पाव टक्का कार्बन असलेले मऊ पोलाद वापरतात. लालबुंद तापवलेली सळई साच्यात ठोकून आकार देतात, मग घासून, वजन जुळवून, वर निकेल-क्रोमचा मुलामा चढवतात. अशा आयर्नने चेंडू मारल्यावर हाताला येणाऱ्या ‘मऊ’ अनुभूतीचे खेळाडू भरभरून वर्णन करतात. करार नसतानाही ब्रूक्स केप्कासारख्या अमेरिकी विजेत्याने ‘मिझुनो’चे आयर्न वापरले होते.

पण ही मऊ अनुभूती नेमकी कुठून येते? क्लब आणि चेंडू यांचा स्पर्श टिकतो अवघा अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोनहजारावा भाग. हाताची संवेदना मज्जातंतूंतून मेंदूपर्यंत पोहोचायला सुमारे २० मिलिसेकंद लागतात. म्हणजे मेंदूला धक्का कळतो तेव्हा चेंडू मीटरभर पुढे निघून गेलेला असतो. अनुभूतीचा त्या फटक्यावर काहीही परिणाम होऊ शकत नाही.

शिवाय ठोकून घडवलेले पोलाद असो की ओतीव, त्यांचा मूळ ताठरपणा जवळजवळ सारखाच असतो. फरक पडतो तो डोक्याच्या आकाराने, वजनाच्या वाटणीने आणि त्यातून उमटणाऱ्या आवाजाने. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठातील संशोधकांनी खेळाडूंकडून फटके मारून घेऊन आवाज आणि अनुभूती यांची सांगड तपासली. आवाज जितका सुखद, तितका फटका हाताला चांगला वाटतो, असे त्यांना आढळले. ज्याला खेळाडू स्पर्श म्हणतो त्यात कानाचा वाटा मोठा असतो.

मग ही नुसती हौस आहे का? नाही. फटका झाल्यावर मिळणारी ही माहिती पुढच्या फटक्यासाठी उपयोगी पडते. चेंडू पात्याच्या मध्यावर लागला की टोकाकडे, हे पातळ पात्याचा आयर्न स्पष्ट सांगतो. ज्याच्या मागे पोकळी ठेवून वजन कडेला सरकवलेले असते, तो आयर्न मध्य चुकला तरी कमी वळतो व चूक पोटात घालतो. पहिला कठोर शिक्षक, दुसरा मायाळू. व्यावसायिकांतही आता मायाळू आयर्न घेणारे वाढले आहेत. अनेक जण लहान अंतरासाठी पातळ पाते आणि लांब अंतरासाठी पोकळीचे आयर्न अशी मिसळ करतात.

मऊ पोलादाचा आणखी एक निखळ व्यावहारिक फायदा आहे. त्याची मान वाकवता येते. खेळाडूची उंची, हातांची लांबी आणि उभे राहण्याची ढब पाहून पात्याचा कोन अंशा-अंशाने बदलता येतो. स्पर्धेच्या ठिकाणी कंपन्यांच्या कार्यशाळा-गाड्या उभ्या असतात आणि त्यांतले तंत्रज्ञ हे काम तिथल्या तिथे करून देतात.

काळ्या काठीची क्रांती

क्लबचा दांडा, म्हणजे शाफ्ट, हा बाहेरून सर्वांत साधा दिसणारा भाग. प्रत्यक्षात निवडीचा खरा कस तिथेच लागतो. आज कार्बन शाफ्टच्या जगात फुजिकुरा, ग्राफाइट डिझाइन, मित्सुबिशी ही जपानी नावे आघाडीवर आहेत. त्याचे मूळ ओसाकातील एका सरकारी प्रयोगशाळेत आहे. तिथे अकिओ शिंदो यांनी १९५० च्या दशकाअखेर पॉलिअॅक्रिलोनायट्राइल या कृत्रिम धाग्यापासून कार्बन तंतू तयार करण्याची रीत शोधली. १९७१ मध्ये ‘तोरे’ कंपनीने त्याचे व्यापारी उत्पादन सुरू केले. विमान कंपन्या नव्या पदार्थावर पटकन विश्वास ठेवत नाहीत. त्यामुळे सुरुवातीचे गिऱ्हाईक ठरले मासेमारीचे गळ आणि गोल्फ. १९७२ मध्ये अमेरिकेच्या गे ब्रूअरने जपानमधील ताइहेइयो मास्टर्स स्पर्धा काळ्या शाफ्टने जिंकली आणि जपानमध्ये त्याची लाट आली.

पोलादी शाफ्टही मागे राहिले नाहीत. आयर्नसाठी वर्षानुवर्षे वापरात असलेला अमेरिकी ‘डायनॅमिक गोल्ड’ सुमारे १३० ग्रॅमचा. मात्सुयामाच्या आयर्नमध्ये हाच जड शाफ्ट असतो. जपानच्या ‘निप्पॉन शाफ्ट’ने १९९९ मध्ये ९५ ग्रॅमच्या आसपासचा पोलादी शाफ्ट आणला. तो इतका लोकप्रिय झाला की मध्यम ताकदीच्या जपानी खेळाडूंसाठी तो जणू मापदंड ठरला.

हलका शाफ्ट जोरात फिरवता येतो हे खरे, पण फायदा एकतर्फी नाही. काठी फार हलकी असली तर ताकदवान खेळाडूच्या हातात ती भरकटते. दर वेळी फटक्याची लय बदलते आणि चेंडू कधी डावीकडे, कधी उजवीकडे जातो. जडपणामुळे हालचालीला एक ठरावीक मार्ग मिळतो. उलट ताकदीपेक्षा जड काठी शेवटच्या टप्प्यात हात आणि कमरेला ओढून नेते. क्रिकेटपटू बॅट हातात तोलून पाहतो, ते याचसाठी.

दीडशे सेंटिमीटरची विजेती

शरीराला शोभेल असा संच म्हणजे काय, हे जपानच्या महिला खेळाडूंकडे पाहिल्यावर उमगते. मियू यामाशिताची उंची सुमारे १५० सेंटिमीटर. तिने २०२५ मध्ये महिलांची ब्रिटिश ओपन जिंकली. त्याआधीच्या वर्षी फ्रान्समधील एव्हियन स्पर्धा जिंकणारी अयाका फुरुए हीदेखील अशीच लहान चणीची.

पुरुष व्यावसायिकाच्या ड्रायव्हरचे डोके सेकंदाला सुमारे ५० मीटर वेगाने फिरते, महिलांचे साधारण ४२ मीटर. वेग कमी असला की तीन किंवा चार क्रमांकाच्या सरळ पात्याच्या आयर्नने चेंडू पुरेसा उंच उठत नाही. खाली येताना तो सपाट येतो आणि हिरवळीवर थांबत नाही. म्हणून जपानी महिला खेळाडू सहसा लांबचे आयर्न बॅगेत ठेवतच नाहीत. त्याऐवजी लहान वूड आणि जपानमध्ये ज्याला ‘युटिलिटी’ म्हणतात तो संकरित क्लब घेतात. त्याचा गुरुत्वमध्य खाली आणि मागे असल्याने चेंडू सहज वर उठतो. यात कमीपणा नाही. अलीकडे पुरुष खेळाडूही पाच आणि सात क्रमांकाचे वूड घेऊ लागले आहेत.

जमिनीचाही वाटा आहे. जपानमधील बहुतेक मैदानांवर ‘झोयसिया’ जातीचे जाड, ताठ पात्यांचे गवत असते. त्यावर चेंडू ब्रशवर ठेवल्यासारखा वर बसतो. ब्रिटनच्या समुद्रकाठच्या कडक, आखूड गवताच्या मैदानावर मात्र तो जमिनीला चिकटून असतो. त्यामुळे परदेशी जाणारे खेळाडू वेजच्या तळाचा उतार आणि रुंदी बदलून घेतात.

पाठीचा कणा काय म्हणतो?

सामान्य माणसाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग इथे सुरू होतो. गोल्फ हा संथ खेळ वाटतो, पण फटक्याच्या क्षणी कण्याच्या कमरेकडच्या भागावर शरीराच्या वजनाच्या सुमारे आठपट दाब येतो, असे मोजमापांत दिसून आले आहे. त्यात वळण आणि बाजूला झुकणे यांची भर पडते. म्हणूनच व्यावसायिकांत कंबर आणि मनगटाची दुखणी सर्वाधिक आढळतात. पंधराव्या वर्षी व्यावसायिक स्पर्धा जिंकणाऱ्या र्‍यो इशिकावालाही पाठदुखीमुळे २०१६ मध्ये अनेक महिने मैदानाबाहेर राहावे लागले. मात्सुयामाने मनगट आणि मानेच्या दुखण्यामुळे स्पर्धा सोडल्या आहेत. दिवसाला शेकडो चेंडू मारणाऱ्या शरीराची झीज कोणताही क्लब टाळू शकत नाही.

चुकीचा क्लब ती झीज वाढवू मात्र शकतो. काठी आखूड असेल तर कंबर जास्त वाकते. पात्याचा कोन उंचीशी जुळत नसेल तर खेळाडू नकळत मनगट किंवा खांदा वाकडा करून तो जुळवून घेतो. मूठ फार बारीक असेल तर ती घट्ट आवळली जाते आणि ताण कोपरापर्यंत जातो. पाते जमिनीत रुतले तर धक्का थेट मनगटावर येतो. ही चूक व्यावसायिकांपेक्षा हौशी खेळाडूंकडून अधिक होते.

जपानमध्ये सत्तरी ओलांडलेले असंख्य लोक गोल्फ खेळतात. त्यांच्यासाठी कंपन्यांनी वेगळीच वाट काढली. सुमितोमोने २००० मध्ये आणलेली ‘झेक्सिओ’ ही मालिका हलकी, चेंडू सहज उचलणारी आणि मध्य चुकला तरी सांभाळून घेणारी म्हणून गाजली. मात्सुयामाला जड शाफ्टचे आयर्न पुरवणारी आणि आजोबांना हलका ड्रायव्हर विकणारी कंपनी एकच आहे. दोन्ही क्लब आपापल्या जागी बरोबर आहेत.

म्हणून दूरचित्रवाणीवर विजेत्याच्या हातात दिसलेला क्लब विकत घेणे म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावण्यासारखे आहे. उंची, हातांची लांबी, मुठीचे माप आणि क्लबचा वेग मोजून घेतल्यावरच क्लब निवडावा. सराव करून उठल्यावर कंबर, मनगट किंवा कोपर वारंवार दुखत असेल तर जोर वाढवण्याऐवजी आधी काठी आणि ढब तपासून घ्यावी. दुखणे टिकले तर डॉक्टरांना दाखवावे. जपानमधील व्यावसायिकांकडून उचलण्यासारखे काही असेल, तर ते त्यांच्या क्लबवरचे नाव नव्हे. करारातल्या कंपनीपुढेही ते आपल्या शरीराचे ऐकतात, हे उचलण्यासारखे आहे.