डॉक्टरला विचारायचे कोणी?

३१ जानेवारी २०२१, रविवार. पल्स पोलिओचा दिवस. यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यात, भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतील कापसी-कोपरी ह्या गावी बारा बालकांच्या तोंडात पोलिओच्या लसीऐवजी सॅनिटायझरचे थेंब गेले. सगळी पाच वर्षांच्या आतली. त्रास होऊ लागला तेव्हा त्यांना यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणले गेले. मुले वाचली. तिघा कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली, वर्तमानपत्रांतून चार दिवस ओरड झाली आणि प्रकरण मिटले.

माझ्या मते ते मिटलेले नाही. कर्मचारी चुकले हे उघड आहे. पण एकामागून एक बारा लेकरे त्या टेबलापुढून गेली आणि प्रत्येकाबरोबर कोणी आई, कोणी आजी असणार. पोलिओच्या लसीची कुपी लहानशी असते, ती बर्फाच्या पेटीत ठेवतात. तिच्या लेबलावर एक गडद वर्तुळ आणि त्यात फिका चौकोन असतो. चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की ती लस निकामी, टाकून द्यायची. हे ओळखायला अक्षर यावे लागत नाही. पण हे त्या बायांना कोणी कधी सांगितले होते काय? आणि सांगितले असते, तरी 'बाई, ही बाटली कशाची?' असे विचारण्याचा धीर त्यांना झाला असता काय? मी त्या मातांना दोष देत नाही. त्यांच्या तोंडचा प्रश्न कोणी काढून घेतला, हे मला शोधायचे आहे.

ह्या मुकेपणाला इतिहास आहे. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या लेखनात काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र दिले आहे. १९२९ साली ते 'यंग इंडिया'त छापून आले होते. शिक्षकाची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत पाऊल टाकायला तयार नाही. हातापाया पडल्यावर, फी कबूल केल्यावर आणि रोग्याला वस्तीबाहेर आणण्याच्या अटीवर तो आला. त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. परत आले ते त्याच वाटेने. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्यूमोनिया असल्याचे सांगितले आणि तो निघून गेला. ती बाई मेली. तिला हातही न लावता तिची तपासणी झाली होती. आणि तिचा नवरा शिकलेला होता, शिक्षक होता, हे मला विसरता येत नाही.

आजचा डॉक्टर नाडी धरतो, हे खरे. पण थर्मामीटरसारखीच आज माहिती हातोहात फिरते. डॉक्टर सिस्टरला सांगतो, सिस्टर वॉर्डबॉयला, वॉर्डबॉय नातेवाइकाला, आणि रोग्यापर्यंत पोहोचते ती 'हे सकाळी, हे रात्री' एवढीच.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. यवतमाळला कॉलेजात शिकवतो, म्हणून गावाहून दवाखान्यात आलेला माणूस आधी माझ्या दारी येतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतले एक काका सुट्टीचे कार्ड घेऊन आले. "सर, वाचा बरं जरासं. काय खायचं, काय नाही, काहीच समजलं नाही."
"मग तिथंच विचारलं काहून नाही?"
"त्यायले कसं विचारावं?"

ह्या 'त्यायले' शब्दात पाटील, सावकार, तलाठी, डॉक्टर सगळे एका रांगेत बसलेले आहेत.

पण शिकलेल्यांनी फार मिजास करू नये. माझ्या आईला रक्तदाबाचा त्रास आहे. गावाकडच्या सरकारी दवाखान्यातून तिला गोळ्या मिळत. मी तिला शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात नेले, तिथे दुसऱ्या रंगाच्या गोळ्या लिहून मिळाल्या. आधी काय चालू आहे हे तिथे कोणी विचारले नाही, मीही सांगितले नाही. ती दोन्ही खात राहिली. आठव्या दिवशी मोरीजवळ चक्कर येऊन पडली, डोक्याला चार टाके पडले. दोन्ही पाकिटे उजेडात धरली तेव्हा मोठ्या अक्षरांतली नावे वेगळी, पण खाली बारीक अक्षरांत एकच नाव: अ‍ॅम्लोडिपिन. एम. ए. झालेल्या मुलाने ते बारीक अक्षर वाचले नव्हते. आई एवढेच म्हणाली, "दोन्ही गोया डॉक्टरायनंच देल्ल्या ना बापू."

तेव्हापासून कोणी आले की मी पहिल्यांदा पिशवी मागतो. घरात असतील तेवढ्या सगळ्या गोळ्या, वैदूचा काढा, मेडिकलवाल्याने हाताने दिलेली पुडीसुद्धा त्या पिशवीत हवी. ती डॉक्टरच्या टेबलावर ओतायची. औषधाचे मूळ नाव वाचता येईल असे, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये केला. नियम कागदावर आहे आणि चिठ्ठीवर अजून कोंबडीचे पाय उमटतात. म्हणून 'डॉक्टरसाहेब, नाव मोठ्यानं वाचून सांगता काय' हे म्हणायला शिकले पाहिजे. पूर्वी कोणत्या इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या, दम लागला, हेही विचारण्याची वाट न पाहता सांगायचे.

आपल्या भागात दोन गोष्टी सांगायच्या राहून गेल्या तर जीव जातो. पहिली, सिकलसेल. विदर्भात आपल्या बौद्ध समाजात आणि गोंड, परधान आदी आदिवासींत हा आनुवंशिक रोग मोठ्या प्रमाणावर आहे. शरीरात पाणी कमी झाले, प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे फोडल्यासारखी वेदना होते. अशा रोग्याला ऑपरेशनसाठी भूल द्यायची तर डॉक्टरला हे आधी ठाऊक असावे लागते. वेदना डोळ्यांना दिसत नाही, म्हणून असा पोरगा ओरडू लागला की 'नाटक करतो' म्हणून बाजूला बसवलेला मी पाहिला आहे. लग्न जमणार नाही ह्या भीतीने आपली माणसे सिकलसेलचे कार्ड ट्रंकेत लपवतात. ते कार्ड दवाखान्यात दाखवलेच पाहिजे.

दुसरी, फवारणी. २०१७ च्या हंगामात ह्या जिल्ह्यात कपाशीवर फवारताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक माणसे मेली. रक्तातील कोलिनेस्टरेज तपासण्याची सोय तेव्हा यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात नव्हती. दोन-तीन औषधे एकाच पंपात मिसळलेली, मजुराला नावे ठाऊक नाहीत, मालकाने सांगितलेली नाहीत. अ‍ॅट्रोपिन हा उतारा ऑरगॅनोफॉस्फेट जातीच्या विषावर चालतो, प्रत्येक कीटकनाशकावर नाही. म्हणून रोग्याबरोबर रिकामा डबा किंवा पुडा आणला तर उपचाराची दिशा लवकर ठरते. मालक डबा देत नसेल तर तिथे भांडावे. दवाखान्यात भांडण्यापेक्षा ते भांडण अधिक उपयोगाचे आहे.

कार्यकर्त्यांना हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्यातला एक वर्ग वॉर्डात शिरतो तो आवाज चढवूनच. रात्रपाळीला एकटी सिस्टर मोठा वॉर्ड सांभाळत असते आणि पुष्कळदा ती आपल्याच वस्तीतून शिकून गेलेली असते. तिच्यावर ओरडले की ती घाबरते, आणि घाबरलेला हात चुकतो. सोबत्याचे काम शांतपणे बसण्याचे आहे. सलाईन लावण्याआधी रोग्याचे नाव विचारले काय, रक्ताच्या पिशवीवरचे नाव-गट केसपेपरशी जुळतो काय, हे पाहायचे आणि वहीत तारीख-वेळ टाकून लिहायचे. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशात दरवर्षी ४४,००० ते ९८,००० माणसे रुग्णालयातील चुकांनी मरतात, असा अंदाज तेथील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालाने १९९९ साली मांडला. त्याचा रोखही एका माणसाला फासावर देण्याकडे नव्हता. चूक पुढच्या टप्प्यावर अडावी अशी व्यवस्था करा, असे त्याचे म्हणणे होते. आपल्याकडे तो पुढचा टप्पा म्हणजे बहुधा खाटेजवळ बसलेला माणूस.

चूक झालीच तर कागद हवेत. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत रोग्याला त्याच्या नोंदी मिळाल्या पाहिजेत. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी. ग्राहक न्यायालयाचे दार मात्र सर्वांना सारखे उघडे नाही. १९९५ च्या व्ही. पी. शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, पण जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात ती रुग्णालये वगळली. म्हणजे पैसे मोजणाऱ्याला ग्राहक म्हणून दाद, आणि ज्याच्याजवळ मोजायला पैसे नाहीत त्याने दिवाणी कोर्टाची पायरी शोधावी. आपल्या वकील मित्रांनी ह्यावर लिहिले पाहिजे.

त्या काकांचे कार्ड मी त्या दिवशी वाचून दिले नाही. वाचता येत होते, तरी त्यांना घेऊन परत वॉर्डापर्यंत गेलो आणि दाराशी थांबलो. ते आत गेले. दहा मिनिटांनी बाहेर आले ते बोटांवर मोजत. "लाल गोई पाच दिवस, मंग बंद. पांढरी जेवल्यावर. अन् ताप आला तं वाट पाहाची नाही, लगेच याचं."

मग जरा थांबून म्हणाले, "सिस्टर काही चिडली नाही सर."