एक कुंडली, दोन जीव



घरांत मूल जन्मास आलें म्हणजे आपल्याकडे कोणी तरी प्रथम घड्याळाकडे पाहतें. वेळ टिपली जाते, बाराव्या दिवशीं नांव ठेवतांना राशीचें अक्षर विचारलें जातें, आणि सवडीनें कुंडली मांडविली जाते. जुळीं झालीं तर दोन वेळा टिपल्या जातात. परंतु दोन मुलें छातीला छाती किंवा पोटाला पोट जोडलेल्या स्थितींत एकाच क्षणीं जन्मलीं तर कुंडली एक मांडावयाची कीं दोन? एक मांडली तर तिच्यांतील आयुष्य, स्वभाव, विवाह हीं कोणाचीं समजावयाचीं? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. अशा मुलांच्या आईबापांना पहिल्या चार दिवसांत आप्तेष्टांकडून जें ऐकावें लागतें, त्यावर त्या मुलांचें भवितव्य पुष्कळदां अवलंबून असतें. म्हणून आज ह्या प्रश्नाचा थोडा शांतपणें विचार करूं.

प्रथम कुंडली म्हणजे काय तें पाहूं. विशिष्ट स्थळावरून विशिष्ट क्षणीं दिसणाऱ्या आकाशाचा तो एक नकाशा होय. पूर्व क्षितिजावर त्या क्षणीं जी राशि उगवत असते तिला लग्न म्हणतात. तेथून बारा स्थानें मोजावयाचीं आणि ग्रह आपापल्या राशींत मांडावयाचे. आपलें कोल्हापूर सुमारें ७४ अंश १४ कला पूर्व रेखांशावर आहे आणि भारतीय प्रमाणवेळ ८२॥ अंश रेखांशाची आहे. त्यामुळें आपली स्थानिक वेळ घड्याळाच्या सुमारें ३३ मिनिटें मागें असते. हा फरक लक्षांत घेऊन ज्योतिषी लग्न काढतो. म्हणजे कुंडलीला दोनच गोष्टी लागतात, स्थळ आणि वेळ. तीं एक असलीं कीं नकाशाही एकच.

पृथ्वी चोवीस तासांत एक फेरी घेते, म्हणून एक राशि उगवावयास सरासरीनें दोन तास लागतात, आणि एक अंश उगवावयास चार मिनिटें. आतां जुळ्या भावंडांत बहुधा कांहीं मिनिटांचें अंतर असतें. दोघांचें लग्न एकच येतें, ग्रह त्याच राशींत असतात, आणि तरीही एक शाळेंत पहिला येतो व दुसरा तालमींत रमतो. ही अडचण आपल्या ज्योतिष्यांच्या ध्यानांत फार पूर्वींच आली होती. त्यांनीं राशीचे बारीक भाग पाडले. नवमांश सुमारें तेरा मिनिटांचा, षष्ट्यंश दोन मिनिटांचा, आणि नाडीग्रंथांतील दीडशें भागांपैकीं एक भाग अवघ्या ४८ सेकंदांचा, म्हणजे दोन पळांचा. पहिला एका भागांत जन्मला, दुसरा पुढच्या भागांत, म्हणून फळ निराळें, असें उत्तर त्यांना देतां येऊं लागलें.

हा वाद आपल्याच देशांतला नव्हे. रोममध्यें इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांत सिसरोनें स्पार्टाच्या जुळ्या राजांचें उदाहरण दिलें. एकाच वेळीं जन्मूनही दोघांचें आयुष्य सारखें नव्हतें आणि कीर्तीही सारखी नव्हती. त्याच काळच्या निगिडियस नांवाच्या पंडितानें जें उत्तर दिलें तें मोठें चतुर आहे. त्यानें कुंभाराचें चाक जोरानें फिरविलें आणि त्यावर लागोपाठ दोनदां शाईचा ठिपका दिला. चाक थांबल्यावर दोन्हीं ठिपके एकमेकांपासून बरेच दूर दिसले. तो म्हणाला, आकाश ह्याहून वेगानें फिरतें; मग जुळ्यांच्या जन्मांतील अल्प अंतरानें भाग्य बदललें तर नवल काय? ह्यावर पांचव्या शतकांत ऑगस्टिन ह्या ख्रिस्ती धर्माचार्यानें असें विचारलें कीं, इतक्या सूक्ष्म क्षणावर जर सर्व अवलंबून आहे, तर तो क्षण नीट माहीत नसतांही इतर लोकांचीं भविष्यें तुम्ही कशाच्या बळावर सांगतां?

जोडजुळ्यांच्या जन्मांत निगिडियसचें चाक उपयोगी पडत नाहीं. अशीं मुलें आज बहुधा शस्त्रक्रियेनें जन्मास येतात आणि शस्त्रवैद्य तीं दोन्हीं एकदमच उचलून बाहेर घेतो. अंतर असें उरतच नाहीं. कोणी म्हणेल, जन्मक्षण म्हणजे पहिलें रडणें. फुप्फुसें दोघांचीं वेगळीं असतील तर रडण्यांत दहा-पांच सेकंदांचा फरक पडेल. खरें आहे, पण तेवढ्या फरकानें ४८ सेकंदांचा भागही बहुधा ओलांडला जात नाहीं. नाळ कापण्याची वेळ घ्यावी, तर नाळ कधीं एक असते, कधीं दोन. एकूण, ज्या बारीक भागांनीं साध्या जुळ्यांचें कोडें सुटल्यासारखें वाटत होतें, ते भाग येथें लंगडे पडतात.

मग ज्योतिषी अशी कुंडली कशी वाचतात? मुख्यतः तीन वाटा आहेत.

पहिली वाट अशी कीं, कुंडली एकच आणि फळही दोघांचें एकच. शरीर जोडलेलें असल्यामुळें हें वरवर पटतें. परंतु अनुभव त्याच्या विरुद्ध आहे. सयामी जुळीं हें नांव ज्यांच्यावरून पडलें ते चांग आणि एंग हे बंधु ११ मे १८११ रोजीं सयाम देशांत जन्मले. छातीच्या खालच्या टोकाशीं एका मांसल पट्ट्यानें ते जोडलेले होते. पुढें ते अमेरिकेंत शेतकरी म्हणून स्थायिक झाले आणि १८४३ मध्यें दोन सख्ख्या बहिणींशीं त्यांनीं विवाह केले. त्यांचीं घरें दोन होतीं. तीन दिवस एकाच्या घरीं, तीन दिवस दुसऱ्याच्या, असा त्यांचा नेम होता. चांगला दारूचें व्यसन, एंग निर्व्यसनी. चांग तापट, एंग शांत. १८७० मध्यें चांगला पक्षाघात झाला, एंग धडधाकट राहिला. १७ जानेवारी १८७४ रोजीं प्रथम चांग वारला आणि कांहीं तासांनीं एंग. मृत्यूची तारीख एक आली ती शरीर जोडलेलें होतें म्हणून. बाकीच्या बाबतींत एका कुंडलीला दोन माणसांचें वर्णन करावें लागलें असतें, आणि तेंही एकमेकांच्या उलट.

दुसरी वाट म्हणजे पहिल्या बालकाला लग्न द्यावयाचें आणि दुसऱ्यासाठीं तृतीय स्थान लग्न मानावयाचें. कारण तृतीय स्थान धाकट्या भावंडाचें. ही युक्ति साध्या जुळ्यांसाठींही वापरतात. पण जोडजुळ्यांत थोरला कोण? शस्त्रवैद्याच्या उजव्या हाताकडे होता तो कीं डाव्या हाताकडे? आणि समजा तेंही ठरविलें, तरी दुसऱ्या बालकाला जें लग्न मिळालें तें त्याच्या जन्मक्षणीं पूर्व क्षितिजावर नव्हतेंच. तें उगवावयास अजून सुमारें चार तास होते. म्हणजे ह्या बालकापुरता जन्मक्षण आपण सोडूनच दिला. ज्या पायावर घर उभें, तोच पाया एका खोलीसाठीं काढून घेण्यासारखें हें झालें.

तिसरी वाट श्रद्धेची आहे. ग्रह केवळ परिस्थिति दाखवितात, फळ ज्याच्या त्याच्या पूर्वकर्माप्रमाणें मिळतें, असें ती म्हणते. ह्या विचाराचा मी अनादर करीत नाहीं. परंतु तो मान्य केला कीं कुंडलीवरून व्यक्तीचें भाग्य वाचतां येतें हा दावा आपोआप मागें घेतला जातो. कारण जें दोघांना वेगळें करतें तें कुंडलींत नाहीं, हें आपणच कबूल केलें.

आतां कोणी विचारील, निदान शरीर जोडलेलें असण्याचा योग तरी कुंडलींत दिसत असेल ना? वराहमिहिराच्या बृहज्जातकांत निषेकाच्या, म्हणजे गर्भधारणेच्या, अध्यायांत जुळ्यांचे योग सांगितले आहेत. मिथुन, कन्या, धनु व मीन ह्या द्विस्वभाव राशींना त्यांत महत्त्व आहे. पण बारापैकीं चार राशि द्विस्वभाव म्हटल्यावर सुमारें एकतृतीयांश माणसांचें लग्न त्यांत येतें. शिवाय हिशेब करून पाहा. भारतांत वर्षाला सुमारें २ कोटी ३० लक्ष बालकें जन्मतात, म्हणजे मिनिटाला सुमारें ४४. एका लग्नाच्या दोन तासांत पांच हजारांवर, एका नवमांशांत साडेपांचशेंच्या वर, एका षष्ट्यंशांतही ऐंशींहून अधिक. जोडजुळीं मात्र पन्नास हजार ते दोन लक्ष जन्मांत एकदांच आढळतात. कुंडली पाहून मागाहून सांपडलेला योग त्याच वेळीं जन्मलेल्या इतर बालकांनाही लागू असतो, आणि तीं बहुतेक सर्व सुटीं, सुदृढ असतात.

ह्या जोडाचें कारण आतां वैद्यकशास्त्राला बरेंच उलगडलें आहे. एकाच फलित बीजाचे दोन भाग होऊन एकसारखीं जुळीं होतात. ही फूट लवकर पडली तर दोन गर्भ वेगळे होतात; ती सुमारें तेराव्या दिवसानंतर पडली तर पुरी होत नाहीं आणि शरीरें जोडलेलीं राहतात. दोन गर्भ मागाहून एकमेकांना चिकटत असावेत, असेंही कांहीं शास्त्रज्ञ मानतात. कसेंही असो, गोष्ट घडते ती गर्भारपणाच्या आरंभीं. ध्वनिलहरींच्या चित्रांत, म्हणजे सोनोग्राफींत, ती तिसऱ्या महिन्याच्या सुमारासही दिसूं शकते. प्रसूतीचा दिवस तर डॉक्टर ठरवितात. त्यांनीं सोमवार धरला काय किंवा गुरुवार, लग्न मेष आलें काय किंवा तूळ, पोटांतील बालकें जोडलेलीं आहेत तीं आहेतच. जें कित्येक महिने आधीं घडून गेलें त्याचें कारण जन्माच्या घटकेंत शोधणें म्हणजे पेरणी झाल्यावर बियाण्याची जात बदलूं पाहणें होय.

कुंडलीची परीक्षा घेण्याचा एक चांगला प्रयत्न महाराष्ट्रांतच झाला, आणि त्याचे प्रमुख आपल्या कोल्हापुरांत १९ जुलै १९३८ रोजीं जन्मलेले कै. जयंत नारळीकर होते. २००८ मध्यें त्यांनीं नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे व प्रकाश घाटपांडे ह्यांच्यासह शंभर हुषार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमविल्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतील चाळीस पाठविल्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटांतील तें ओळखावयास सांगितलें. २७ जणांनीं उत्तरें धाडलीं. सरासरी ४६ टक्के उत्तरें बरोबर आलीं. नाणें उडवून उत्तरें दिलीं असतीं तरी सुमारें ५० टक्के बरोबर यावयाचीं. मनाच्या वाढीइतकी ठळक गोष्टही कुंडलींत ओळखूं आली नाहीं, असा ह्याचा अर्थ.

आतां मूळ मुद्द्याकडे येतों. बृहत्संहितेंत वराहमिहिरानें उत्पातांचा अध्याय लिहिला आहे. विकृत प्रसूति किंवा एका वेळीं अनेक बालकें होणें हें देशाला व कुळाला क्षयकारक, असें तेथें सांगितलें आहे. सहाव्या शतकांतील तें मत त्या काळच्या ज्ञानाला धरून होतें; त्याबद्दल त्या थोर गणित्याला दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु तो शब्द अजून आपल्या माजघरांत वावरत असतो. ‘घराण्यावर कांहीं तरी आहे’, असें कोणी हलक्या आवाजांत बोलतें, आणि बाळंतीण तें ऐकते. शांति करावी, मुहूर्त पाहावा, अमुक ग्रह पालटेपर्यंत इस्पितळांत नेऊं नये, अशा सल्ल्यांत जे दिवस जातात ते त्या मुलांच्या वांट्याचे असतात. चांग आणि एंग ह्यांच्या मृत्यूनंतरच्या तपासणींत त्यांचीं यकृतें त्या पट्ट्यांतून जोडलेलीं आढळलीं. त्या काळीं त्यांना वेगळें करण्याचें धाडस कोणी केलें नाहीं. आज तसा जोड सोडविणें शस्त्रवैद्यांच्या आटोक्यांतील मानतात. मुंबईस परळच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयांत डिसेंबर २०१७ मध्यें सुमारें सव्वा वर्षाचीं जोडलेलीं दोन मुलें शस्त्रक्रियेनें वेगळीं करण्यांत आलीं. सर्वच जोड सुटण्यासारखे नसतात, हेंही खरें. हृदय एक असेल तर प्रसंग फार कठीण असतो. पण तो निर्णय शरीर तपासून घ्यावयाचा असतो, पत्रिका तपासून नव्हे.

आणि जीं वेगळीं होऊं शकत नाहींत त्यांचें काय? अमृतसरच्या पिंगळवाडा संस्थेंत अशीच एक जोडी वाढली. कमरेखालचें शरीर एक, पण हृदयें दोन, डोकीं दोन, हातांच्या जोड्या दोन. २० फेब्रुवारी २०२२ रोजीं पंजाबच्या निवडणुकींत निवडणूक अधिकाऱ्यांनीं त्यांना दोन स्वतंत्र मतदार मानून दोन मतें देऊं दिलीं, आणि एकाचें मत दुसऱ्यास दिसूं नये अशी तजवीजही केली. सरकारी कचेरीला जें कळलें तें आपल्या घरांत कळावयास हरकत नसावी.

ज्यांची श्रद्धा असेल त्यांनीं कुंडली अवश्य मांडवावी. आकाशाचा तो एक सुंदर नकाशा आहे, आणि आपल्या पूर्वजांच्या गणिताची ती खूण आहे. मात्र अशा घरीं जाण्याचा प्रसंग आला तर ग्रहांची चौकशी मागें ठेवावी. बाळंतिणीची प्रकृति विचारावी, डॉक्टर काय म्हणाले तें विचारावें, आणि मुलांचीं नांवें विचारावींत. दोन नांवें.