टेन्शन या एका शब्दाआड

2019 साली तेलंगणात इंटरमीडिएटच्या निकालानंतर विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या. अपयश पेलायला मुलांना कोण शिकवते, हा प्रश्न तेव्हापासून शिक्षकांना टाळता येत नाही.

एक वाट श्वासाची आहे. गोयंका गुरुजींचे भारतातील पहिले विपश्यना केंद्र, 'धम्मखेत्त', 1976 मध्ये हैदराबादलाच सुरू झाले. त्यांच्या परंपरेत मुलांना आनापान शिकवतात : सहज येणारा-जाणारा श्वास नुसता पाहायचा, मन भटकले की परत आणायचे. (हा प्राणायाम नव्हे, गल्लत नेहमी होते.)

पण आत काय दिसले, हे सांगायला शब्द हवेत. आमच्याकडची मराठी मुले घरी मराठी, रस्त्यावर दखनी नि तेलुगू, शाळेत इंग्रजी बोलतात. मनासाठी मात्र अनेकांकडे 'टेन्शन' एवढाच शब्द उरला आहे. हिरमोड थोड्या वेळाने ओसरतो. रुसव्याला समजूत काढणारे माणूस लागते. त्राग्यात मूल स्वतःलाच छळते. धास्ती न घडलेल्या गोष्टीची असते. चारही 'टेन्शन'मध्ये कोंबले, तर शिक्षकाने करायचे काय?

रामदासांनी 205 श्लोकांत मनालाच हाक मारली. हाक मारली की मन आणि आपण यांत अंतर पडते; 'मी रागीट' याऐवजी 'मनात राग आला आहे' म्हणता येते. भुजंगप्रयाताची बारा अक्षरी चाल श्वासालाही ठेका देते. घड्याळ लावून घेतलेल्या पाठांतर स्पर्धेत मात्र हे सारे हरवते.

उदासी दिवसेंदिवस हटत नसेल, तर तिथे भाषेचा तास पुरत नाही. पालकांना बोलवावे, 14416 हा टेलिमानसचा क्रमांक द्यावा.