मार्माइटची बरणी आणि परळची प्रयोगशाळा

ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या मराठी मुलामुलींची मार्माइटशी पहिली भेट बहुतेक वेळा वाईटच होते. हाऊसमेट टोस्ट पुढे करतो, आपण चॉकलेट समजून मोठा घास घेतो आणि मग तोंडभर खारट, कडवट काहीतरी. बिअर बनवताना उरलेल्या यीस्टचा हा अर्क. १९०२ मध्ये बर्टन अपॉन ट्रेंटला त्याची कंपनी सुरू झाली. या बरणीचा मुंबईच्या गिरणगावाशी संबंध आहे, हे मलाही बरीच वर्षं माहीत नव्हतं. उपासमारीवरच्या एपिसोडमध्ये ही गोष्ट आम्ही दोन मिनिटांत उरकली, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

१९२८ मध्ये लूसी विल्स ही चाळिशीची इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली. गरोदर आणि बाळंत बायका इतक्या मोठ्या संख्येने का दगावतात, याची चौकशी तेव्हा परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधून चालू होती. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात एक भयंकर अॅनिमिया व्हायचा. लोह कमी पडलं की रक्तातल्या तांबड्या पेशी लहान होतात. इथे उलट होतं. पेशी संख्येने कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या. विल्सने आधी जंतुसंसर्गाची शक्यता तपासली. ती निघाली नाही. मग तिने वेगवेगळ्या धर्मांच्या आणि आर्थिक थरांतल्या बायका रोज काय खातात ते नोंदवलं, तसाच आहार प्रयोगशाळेतल्या उंदरांना दिला आणि पुढे माकडांवरही प्रयोग केले. निकृष्ट आहारावरच्या प्राण्यांना अॅनिमिया झाला आणि यीस्टने तो सुधारला. यीस्टचं सगळ्यात स्वस्त आणि सहज मिळणारं रूप म्हणजे मार्माइट. तिने ते बायकांना दिलं आणि त्या झपाट्याने बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तिने हे छापलं. मार्माइटमधला नेमका कुठला पदार्थ काम करतोय हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणायला लागले. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक पदार्थ वेगळा काढला गेला आणि त्याला पानावरून फोलिक अॅसिड हे नाव मिळालं. पुढे कळलं, विल्स फॅक्टर म्हणजे फोलेट, ते हेच कुटुंब.

आता यात उपासमार कुठे आली, असं तुम्ही विचाराल. या बायका थोडंफार तरी जेवत होत्याच की. मुद्दा तिथेच आहे. अन्न पूर्ण बंद झालं तर शरीराकडे एक ठरलेला क्रम असतो. यकृतातली साखर साधारण एक दिवस पुरते. मग चरबी जाळायला सुरुवात होते आणि मेंदूसुद्धा हळूहळू कीटोन्सवर चालायला लागतो. स्नायूंची झीज जमेल तितकी लांबवली जाते. घरात पैसे संपत आले की आई कुठला खर्च आधी बंद करायचा हे ठरवते, साधारण तसंच. पण एखादंच जीवनसत्त्व संपलं तर असा पर्याय नसतो. चरबी कितीही असली तरी तिच्यापासून फोलेट बनत नाही.

फोलेटचं काम एका कार्बनची ने-आण करण्याचं. डीएनएच्या चार अक्षरांपैकी थायमिन तयार व्हायला तो कार्बन लागतो. तो मिळाला नाही की पेशी आकाराने वाढत राहते, प्रथिनं बनवत राहते, पण डीएनएची नक्कल पूर्ण होत नाही आणि ती दुभंगत नाही. म्हणून ती मोठी दिसते. फटका आधी बसतो तो सगळ्यात वेगाने विभागणाऱ्या पेशींना. आपली अस्थिमज्जा सेकंदाला साधारण वीस लाख तांबड्या पेशी बनवते, त्यामुळे रक्तात ते लवकर दिसतं. आणि गर्भात तर सगळंच वेगाने विभागत असतं.

गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत न्यूरल ट्यूब, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून घडतात ती नळी, मिटावी लागते. ती नीट मिटली नाही तर स्पायना बायफिडासारखे दोष राहतात. तोपर्यंत अनेक बायकांना आपण गरोदर आहोत हेसुद्धा कळलेलं नसतं. १९९१ मध्ये निकोलस वाल्ड यांनी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च काउन्सिलसाठी केलेल्या चाचणीचे निष्कर्ष आले. ज्यांच्या आधीच्या गरोदरपणात असा दोष आढळला होता, त्या बायकांनी आधीपासून फोलिक अॅसिड घेतलं तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. म्हणूनच इथे सल्ला असा आहे: दिवस राहण्याआधीपासून पहिल्या १२ आठवड्यांपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम. मधुमेह वगैरे असेल तर डोस जास्त लागतो, तो डॉक्टरच देतात.

अमेरिकेने १९९८ मध्ये पिठात फोलिक अॅसिड घालणं बंधनकारक केलं. ज्या देशात चाचणीची आखणी झाली त्या ब्रिटनने मात्र २०२१ पर्यंत निर्णयच घेतला नाही. मला हे पटत नाही. पण उशिरामागच्या कारणांपैकी एक आपल्या लोकांनी समजून घेण्यासारखं आहे. ते म्हणजे बी१२.

वापरलेलं फोलेट पुन्हा कामाला लावायला बी१२ लागतं. ते नसेल तर फोलेट शरीरात असूनही अडकून पडतं आणि अॅनिमिया अगदी तसाच दिसतो. मग भरपूर फोलिक अॅसिड घेतलं तर रक्त सुधारतं, रिपोर्ट बरा येतो, पण बी१२ ची दुसरी कामं तशीच खोळंबलेली राहतात आणि नसा खराब होत जातात. वृद्धांमध्ये अशी कमतरता झाकली जाईल ही इथली भीती होती. आपल्याकडे ती फक्त वृद्धांपुरती नाही. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि मुलांचा पाठपुरावा केला. सुरुवातीपासून साउदॅम्प्टनचे संशोधकही त्यात होते. निम्म्याहून जास्त गरोदर बायकांच्या रक्तात बी१२ कमी होतं. २००८ मध्ये छापलेला निष्कर्ष असा: ज्या आयांचं फोलेट जास्त आणि बी१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सगळ्यात जास्त दिसली. हा संबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नाही. पण पुढे याच मुलामुलींना पौगंडावस्थेत बी१२ देऊन चाचणी सुरू झाली, इतका तो गंभीर मानला गेला.

बी१२ फक्त जीवाणू बनवतात. आपल्याला ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यातून मिळतं. वरण-भात, पोळी-भाजीत ते नसतं, आणि चहातल्या चमचाभर दुधाने भागत नाही. स्पिरुलिनाच्या गोळ्यांवर भिस्त ठेवू नका, त्यात मुख्यतः निरुपयोगी रूप असतं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून इथे येऊन व्हीगन झालेल्या मुलाला पहिली दोन-तीन वर्षं काहीच जाणवत नाही. पुण्याहून आधीच कमी साठा घेऊन आलेल्याचं तेवढंही निभत नाही. मग पायाला मुंग्या येतात, जीभ लालसर होते, थकवा येतो. थंडी आहे, डेडलाइन आहेत, असं म्हणून आपण ते सोडून देतो. जीपीकडे जाल तेव्हा आपण काय खातो ते सांगा, आणि फोलिक अॅसिड घेत असाल तर तेही. सप्लिमेंट घ्यायचं असेल तर रक्ततपासणी आधी झालेली बरी.

ब्रिटनमध्ये पिठात फोलिक अॅसिड घालण्यासाठी ठरलेली मुदत १३ डिसेंबर २०२६ ची आहे. प्रमाण १०० ग्रॅमला २५० मायक्रोग्रॅम. पण हा नियम होलमील नसलेल्या गव्हाच्या पिठाला आहे. म्हणजे ब्रेडमध्ये ते येईल. भारतीय दुकानातून पोळ्यांसाठी आणतो त्या आट्याच्या पिशवीवर ‘होलमील’ लिहिलेलं असेल तर त्यात ते घालणं बंधनकारक नाही. ‘मीडियम’ किंवा ‘व्हाइट’ चपाती फ्लोअर असेल तर आहे. बी१२ मात्र दोन्हींत घालायचं नाही. ते मार्माइटमध्ये आहे, कंपनी वरून घालते. टोस्टवर अगदी पातळ लावायचं असतं.