आधी कान, मग स्क्रीन
गिटार शिकताय? मग नेदरलँड्समध्ये तयार झालेलं कॉर्डिफाय वापरून बघाच. गाणं लावलं की ठोक्याठोक्याला कॉर्ड समोर येते. अशी सॉफ्टवेअर आवाजातून बारा स्वरांपैकी कुठले ठळक आहेत ते हुडकतात आणि त्यावरून कॉर्ड ठरवतात. नवशिक्यांसाठी ही फार मोठी सोय आहे!

पण प्रत्येक कॉर्ड बरोबरच असेल असं धरून चालू नका. ए मायनर सेव्हन आणि सी सिक्स्थ, दोन्हींत ए, सी, ई, जी हेच चार स्वर. खरा फरक बेसचा. तिथे सॉफ्टवेअर सहज फसतं. अशा जागी मी गाणं थांबवून खालचा स्वर गुणगुणते, तो सहाव्या तारेवर शोधते आणि मगच कॉर्ड पकडते.

आज एक कडवं स्क्रीन न बघता काढून बघा, नंतर ताडून पाहा.