कोरिया : ग्रंथांतून भेटणारा देश

परक्या लोकसमूहाची ओळख होण्याचे मार्ग मुख्यतः तीन : प्रवास, व्यापार आणि ग्रंथ. पहिले दोन सर्वांच्या वाट्याला येत नाहीत. तिसरा मार्ग मात्र शाळेच्या ग्रंथालयातील एका कपाटापासूनही सुरू होऊ शकतो. पूर्व आशियातील कोरिया हा देश आज आपल्याकडे मोटारी, दूरदर्शन संच आणि चित्रमालिका यांमुळे घरोघरी पोहोचला आहे. परंतु वस्तू ओळखीची झाली म्हणजे माणसे ओळखीची झाली, असे होत नाही. त्या माणसांचा इतिहास आणि त्यांचे सुखदुःख जाणून घ्यायचे, तर त्यांच्या ग्रंथांकडेच जावे लागते.

आपल्या प्रदेशाला अशा ओळखीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी बिदरला आला आणि त्याने लिहून ठेवलेल्या वृत्तान्तामुळे बहामनी राजधानीचे वैभव व तेथील रयतेचे दारिद्र्य ही दोन्ही जगाला कळली. त्याच सुमारास, १४७२ साली, महमूद गवान याने बिदरला मदरसा उभारला. तेथे तीन हजार हस्तलिखिते होती असे सांगितले जाते. आज त्या इमारतीचा भग्न भाग उभा आहे, ग्रंथ मात्र राहिले नाहीत. ग्रंथ कसे टिकतात आणि कसे नाहीसे होतात, हा प्रश्न म्हणूनच आपल्या अगदी जवळचा आहे. आणि कोरियाचा इतिहास तर पुष्कळसा याच प्रश्नाचा इतिहास आहे.

कोरिया आणि दख्खन यांचा दुवा निकितिनच्याही सात शतके आधीचा आहे. सिल्ला राज्यातील ह्येचो नावाचा तरुण बौद्ध भिक्षू इ. स. ७२३ ते ७२७ च्या सुमारास भारतात फिरला. मध्य भारतातून तीन महिन्यांहून अधिक चालून आपण दक्षिण भारताच्या राजाच्या नगरीस पोहोचलो, असे तो लिहितो. या राजाचे आठशे हत्ती, लोकांचे सुती वस्त्र, गाईम्हशी, भातशेती आणि उष्ण हवा यांची नोंद त्याने केली आहे. हे राज्य बदामीच्या चालुक्यांचे असावे, असे अभ्यासक मानतात. डोंगरातील एक विशाल विहार ओस पडल्याचेही तो खेदाने सांगतो. आपल्या कलबुर्गी जिल्ह्यात भीमेकाठी सन्नती व कनगनहळ्ळी येथे अशोकाचे शिलालेख आणि राजा अशोकाचे नामांकित शिल्प सापडले, तेव्हा या भागातील विस्मृत बौद्ध परंपरा पुन्हा उजेडात आली. ह्येचोचे वर्णन या पार्श्वभूमीवर वाचले म्हणजे ते दूरचे वाटत नाही. त्याचा ग्रंथ मात्र अकराशे वर्षे अज्ञात होता. १९०८ साली पॉल पेल्यो या फ्रेंच पंडिताला तो चीनमधील तुन-हुआंगच्या गुहेत खंडित स्वरूपात मिळाला, आणि तो आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

मुद्रणाच्या बाबतीत कोरियाने जगाला पुढे नेले, हे आपल्या पाठ्यपुस्तकांतून क्वचितच सांगितले जाते. तेराव्या शतकात, मंगोल आक्रमणाच्या धामधुमीत, कोरियन लोकांनी १२३६ ते १२५१ या काळात संपूर्ण बौद्ध त्रिपिटक लाकडी ठशांवर कोरले. हे ८१ हजारांहून अधिक ठसे हेइन्सा या मंदिरात आजही सुरक्षित आहेत. पुढे १३७७ साली चोंगजू नगरीतील मंदिरात धातूच्या सुट्या खिळ्यांनी ‘जिकजी’ हा ग्रंथ छापला गेला. गुटेनबर्गच्या बायबलाच्या सुमारे ७८ वर्षे आधीचा हा ग्रंथ, अशा रीतीने छापलेल्यांपैकी आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना होय. त्याचा उरलेला एकमेव खंडही पॅरिसलाच आहे.

ग्रंथ छापणे एक आणि ते सामान्य माणसाला वाचता येणे दुसरे. कोरियन भाषा शतकानुशतके चिनी अक्षरांत लिहिली जाई आणि ती हजारो अक्षरे शिकण्याची सवड फक्त उच्चवर्गालाच होती. राजा सेजोंगने १४४३ मध्ये अठ्ठावीस अक्षरांची नवी लिपी सिद्ध केली आणि १४४६ मध्ये ती प्रसिद्ध केली. आज ‘हांगुल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लिपीत मूळ व्यंजनांचे आकार उच्चाराच्या वेळच्या जीभ, ओठ, दात व कंठ यांच्या स्थितीवरून घेतले आहेत. आपली वर्णमाला कंठ्य, तालव्य, मूर्धन्य अशा स्थानांनी लावलेली असल्यामुळे यामागील विचार आपल्याला सहज समजतो. दरबारातील पंडितांनी या लिपीला विरोध केला. कल्याण नगरीत बाराव्या शतकात बसवेश्वर व शरणांनी लोकभाषेत वचने रचली आणि १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतार्थ मराठीत आणला. त्या परंपरेत वाढलेल्या आपल्याला हा झगडा निराळा समजावून सांगावा लागत नाही. भाषेच्या रचनेतही साम्य आहे : कोरियन वाक्यात क्रियापद शेवटी येते, आणि वडीलधाऱ्यांशी बोलताना क्रियापदाचे रूप बदलते.

ग्रंथरक्षणाची एक कथा विशेष मननीय आहे. जोसन राजवंशाच्या १३९२ ते १८६३ या काळाची राजनिशी दरबारी इतिहासकार लिहीत आणि ती पाहण्याचा अधिकार राजालाही नसे. तिच्या प्रती चार ठिकाणी ठेवलेल्या होत्या. १५९२ च्या जपानी आक्रमणात तीन जळाल्या. जोंजूची चौथी प्रत आन उई आणि सोन होंग-रोक या दोन उतारवयातील स्थानिक विद्वानांनी डोंगरात नेऊन राखली. ते सेनापती नव्हते, मंत्री नव्हते. परंतु आज दोन शतकांचा आरंभीचा इतिहास उपलब्ध आहे तो त्यांच्यामुळे.

विसाव्या शतकात आघात भाषेवरच झाला. १९१० ते १९४५ या जपानी राजवटीच्या उत्तरकाळात शाळांतून कोरियन भाषा हद्दपार झाली आणि लोकांवर जपानी धर्तीची नावे घेण्याची सक्ती झाली. शब्दकोश तयार करणाऱ्या भाषामंडळाच्या सदस्यांना १९४२ पासून अटक झाली. त्यांपैकी दोघे तुरुंगात मरण पावले आणि हस्तलिखित जप्त झाले. १५ ऑगस्ट १९४५ रोजी देश मुक्त झाला आणि सप्टेंबरमध्ये ते बाड सेऊल रेल्वे स्थानकाच्या गोदामात सापडले. त्यावरून १९४७ ते १९५७ या काळात सहा खंडांचा कोश प्रसिद्ध झाला. निजामी राज्यात उर्दू माध्यमातून शिकलेल्या आणि १७ सप्टेंबर १९४८ चा दिवस पाहिलेल्या आपल्या वडीलधाऱ्या पिढीला या कथेचा अर्थ ठाऊक होता. दोन्हींची परिस्थिती सारखी नव्हती. परंतु मातृभाषेतून शिकण्याची आस तीच होती.

मुक्तीबरोबर फाळणीही आली. १९५० ते १९५३ च्या युद्धानंतर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचा सांभाळ भारतीय सेनेकडे आला. त्या दलाचे प्रमुख मेजर जनरल शं. पां. पा. थोरात हे कोल्हापूरकडील मराठी सेनानी होते. अखेरीस ८८ कैद्यांनी तटस्थ देश पत्करला आणि ते भारतात आले. चे इन-हुन यांच्या १९६० च्या ‘ग्वांगजांग’, म्हणजे ‘चौक’, या कादंबरीचा नायक असाच कैदी आहे. दोन्ही कोरियांत त्याचे मन रमत नाही, आणि भारताकडे निघालेल्या ‘टागोर’ नावाच्या जहाजावरून तो नाहीसा होतो. सरहद्द नकाशावर आखली जाते आणि माणसांच्या मनात उतरते, हे या कादंबरीइतके स्पष्टपणे फार थोड्या ग्रंथांनी दाखविले असेल. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर नातीगोती दोन राज्यांत विभागलेल्या आपल्या घरांनी हे जाणले आहे. मात्र आपल्याला सोयऱ्यांकडे जाता येते, तेथील हजारो कुटुंबांची भेट पुन्हा झाली नाही, हा फरकही विसरता कामा नये.

पुढचे वाचन कोठून करावे, असा प्रश्न जिज्ञासू माजी विद्यार्थी विचारतील. इंग्रजी अनुवादांतून आरंभ करता येतो. ह्येचोचा वृत्तान्त लहान आहे, तो आधी घ्यावा, मग ‘चौक’. पार्क क्योंग-नी यांनी १९६९ ते १९९४ अशी पंचवीस वर्षे लिहिलेली ‘तोजी’, म्हणजे ‘भूमी’, ही महाकादंबरी खेड्यातील जमीन, कुळे व स्थलांतर यांची कथा सांगते. २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या हान कांग यांनी १९८० च्या ग्वांगजू येथील गोळीबारावर लिहिलेली कादंबरी आजच्या कोरियाच्या लोकशाहीची किंमत सांगते.

मराठी, कन्नड, दख्खनी उर्दू आणि तेलुगू कानावर घेत वाढलेला सीमाभागातील वाचक अनुवादाला जात्याच अनुकूल असतो. एका भाषेतील गोष्ट दुसरीत सांगणे हा त्याचा नित्याचा व्यवहार आहे. यांपैकी एखादे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात आणून ठेवणे, त्यातील एक प्रकरण मुलांना मराठीत सांगणे, एवढे तरी प्रत्येकाला शक्य आहे. जोंजूच्या त्या दोन विद्वानांनी ग्रंथ पाठीवर वाहून नेण्याची व्यवस्था केली होती. आपल्याला तो फक्त कपाटातून काढून पुढच्याच्या हाती द्यावयाचा आहे.