डब्यावरचा इशारा आणि दुकानदाराची जबाबदारी

चादरीचा रंग कच्चा असेल तर गिऱ्हाइकाला आधी सांगावे लागते. ऐब लपवून माल दिला आणि पहिल्याच धुण्यात रंग गेला, तर माल परत येतो आणि पेढीचे नावही जाते. आम्ही सोलापूरचे कापडवाले, बाळाच्या दुधाच्या डब्याशी आमचा व्यवहार नाही. पण या डब्यांवरून अमेरिकेत शेकडो दावे चालू आहेत आणि त्यांच्या मुळाशी हाच सवाल आहे. धोका ठाऊक असताना विकणाऱ्याने तो सांगितला की नाही?

मुदतीपूर्वी जन्मलेल्या, विशेषतः दीड किलोहून कमी वजनाच्या बाळांना आतड्याचा एक भयंकर आजार होतो. त्याला नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस म्हणतात. आतडे सुजते, त्याचा भाग सडतो, कधी ऑपरेशन करूनही मूल हाती लागत नाही. गाईच्या दुधापासून केलेल्या फॉर्म्युल्यावरील अशा बाळांत तो आईच्या दुधावरील बाळांपेक्षा जास्त दिसतो, हे डॉक्टरांना पुष्कळ वर्षांपासून माहीत आहे.

मार्च २०२४ मध्ये इलिनॉय राज्यातील ज्युरीने मीड जॉन्सन कंपनीला ६ कोटी डॉलर भरपाई द्यायला सांगितले. जुलैत सेंट लुईसच्या ज्युरीने अ‍ॅबट कंपनीवर ४९ कोटी ५० लाख डॉलर बसवले, त्यातले ४० कोटी निव्वळ दंड म्हणून. ऑक्टोबरअखेर त्याच शहरातील पुढच्या खटल्यात दोन्ही कंपन्या सुटल्या, पण मार्च २०२५ मध्ये न्यायाधीशांनी तो खटला नव्याने चालवण्याचा हुकूम केला. कंपन्यांचे म्हणणे असे की, आईचे दूध नसेल तेव्हा हाच आहार बाळाला जगवतो. अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थांनीही ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितले की फॉर्म्युल्याने आजार होतो याचा पक्का पुरावा नाही, मात्र आईचे दूध न मिळण्याशी त्याचा संबंध आहे. आई-बापाला या फरकाने काय दिलासा मिळणार? निदान निवड तरी त्यांना विचारून व्हायला हवी होती, असे आम्हाला वाटते.

आपल्याकडे या मालाचा कायदा १९९२ सालचा असून तो १ ऑगस्ट १९९३ पासून लागू आहे. २००३ च्या दुरुस्तीने तो दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या आहाराला लावला गेला. जाहिरात बंद, फुकट नमुना बंद, डब्यावर बाळाचे किंवा बाईचे चित्र बंद. आईचे दूध सर्वोत्तम, ही सूचना डब्यावर छापावीच लागते. मुंबईच्या 'अ‍ॅकॅश' या ग्राहक संस्थेने १९९४ साली लेबलाच्याच मुद्द्यावर नेस्ले कंपनीविरुद्ध दिल्लीत फिर्याद केली होती. आमच्या मेडिकल दुकानदार भावांनी एक लक्षात ठेवावे. खप वाढवण्यासाठी डब्यावर सूट, बाटली किंवा भांडे भेट देणे हाही गुन्हा आहे. कैद तीन वर्षांपर्यंत होऊ शकते.

सोलापुरात यंत्रमागावर मजुरी करणाऱ्याच्या घरी एवढ्या लहान वजनाचे मूल आले, तर कागद वाचायला कोणाला सवड असते? डॉक्टरांना एवढेच विचारावे की आईचे दूध काढून नळीने देता येईल का. बहुतेक वेळा येते. मुंबईच्या सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली दूधपेढी सुरू केली, ती अशाच बाळांसाठी. दुसऱ्या बाईचे दूध घेताना रजाअतचा मसला येतो आणि उलेमांत त्याबद्दल मतभेद आहेत, तेव्हा आपल्या आलिमांचा मशविरा घ्यावा. स्वतःच्या आईच्या दुधाला हा प्रश्नच नाही.

अमेरिकेसारखा दावा इथे होऊ शकतो का? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाच्या दोषाच्या जबाबदारीचे प्रकरण आहे आणि ते जुलै २०२० पासून लागू आहे. नुकसान टाळणारा पुरेसा इशारा मालावर नसेल तर कारखानदार जबाबदार. कारखानदाराचा इशारा दुकानदाराने पुढे पोचवला नाही, तर दुकानदारही जबाबदार. तक्रार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. त्यासाठी बिल, डब्यावरचा बॅच नंबर आणि हॉस्पिटलचे कागद जपून ठेवावेत.